ती माहेरी गेली आहे

माझी पत्नी विजया एका गुरुवारी शाळेत वारली. तास चालू होता. शिपायाने बँकेत फोन केला. मी रिक्षाने गेलो. संध्याकाळी घरी येऊन मुलीला सांगितलं.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. लखनौच्या तेलीबागेतल्या आमच्या गल्लीत आज सगळ्या गच्च्यांवर रजया उन्हात पडल्या आहेत. दूधवाला कानाला मफलर गुंडाळून येऊ लागला आहे, आणि कोपऱ्यावरच्या ठेल्यावर भाजलेल्या शेंगांबरोबर मिरची-कोथिंबीर वाटलेल्या हिरव्या मिठाची पुडी मिळू लागली आहे. नोव्हेंबर लागला की मला घरात बसवत नाही. पुस्तक उघडतो, चार ओळी वाचतो, उठून गॅलरीत जातो. परत येतो तेव्हा कुठे वाचत होतो ते सापडत नाही. एरवी वर्षभर मला नीट वाचता येतं. हवा कोरडी झाली, सकाळी तोंडातून वाफ येऊ लागली, की डोळे ओळीवर ठरत नाहीत. वर जात राहतात.

आमची बदली नागपूरहून लखनौला झाली तेव्हा मुलगी, गौरी, लहान होती. घर तेव्हा आलमबागला घेतलं, कारण तिथून बँक जवळ होती. विजयाने मात्र दुसऱ्याच आठवड्यात शोधून काढलं की तिथून कानपूरकडे जाणाऱ्या बसही मिळतात, आणि त्या रस्त्यावर सव्वा तासावर पक्ष्यांसाठी राखलेला एक तलाव आहे. पाटीवर त्याचं लांबलचक सरकारी नाव होतं. आम्ही त्याला नुसतं झील म्हणायचो. ती भंडाऱ्याकडची, तलावांच्या मुलखातली. मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. पाणी दिसलं की तिची चाल बदलायची, ती भराभर चालू लागायची, आणि मी मागे राहायचो.

मागे राहायचो म्हणजे, फाटकाजवळच्या पहिल्या दगडी बाकावर बसायचो. ती बांधावरून तलावाला पूर्ण फेरी घालायची, मचाणावर चढायची, वहीत काहीतरी टिपायची. मी वाचायचो. एका फेरीत माझी चाळीस-पन्नास पानं व्हायची. इतकी शांत वाचनाची जागा मला लखनौत दुसरी मिळाली नाही.

"अहो, निदान एकदा तरी मान वर करा," ती म्हणायची.

"तू बघ आणि मला सांग. तू सांगतेस ते ऐकायला मला जास्त आवडतं."

ही स्तुती आहे असं मला खरंच वाटायचं. परतीच्या बसमध्ये ती सांगायची. कमळाच्या पानांवरून बोटं पसरून चालणारा पक्षी, पाण्यात बुडी मारून भलत्याच ठिकाणी वर येणारी टिबुकली. मी पानांमध्ये बोट घालून हं हं म्हणायचो. आठ वर्षं आम्ही तिथे गेलो. उन्हाळे, पावसाळे, धुक्यातले जानेवारी. आठ वर्षांत मी तिथे किती पुस्तकं वाचली ते जवळजवळ सगळं आठवतं. पक्षी एकही आठवत नाही.

ती गेल्यावर सहा-सात आठवडे मी लोकांना सांगत होतो. बँकेत, शाळेत, रेशनच्या दुकानात, तिच्या शिंप्याला, अमीनाबादच्या लोकरवाल्याला, जो दर ऑक्टोबरला तिच्यासाठी नवे रंग बाजूला काढून ठेवायचा. सांगून सांगून ते वाक्य गुळगुळीत झालं होतं. रजेचा अर्ज लिहावा तसं ते तोंडातून निघायचं, आणि समोरच्याचा चेहरा पडला की मीच त्याला धीर द्यायचो. मग नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी गौरीला अभ्यासाला बसवलं आणि का ते न ठरवता बसमध्ये चढलो.

फाटकावर रामदुलारे होता. तो वनखात्याचा तिथला जुना पहारेकरी, पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या आणि केस काळे. विजया त्याला शाळेतल्या मुलींना घेऊन आलेली ठाऊक होती, म्हणून तो तिला इकडच्या रीतीप्रमाणे बहिनजी म्हणायचा. ती त्याच्याकडून पक्ष्यांची हिंदी नावं घ्यायची, त्याला मराठी नावं द्यायची. त्याने सायकल कुंपणाला टेकवली आणि माझ्या मागे पाहिलं.

"बहिनजी नहीं आईं?"

ते गुळगुळीत वाक्य मला सापडेना.  दूर पाण्यावर काळी काळी ठिपक्यांसारखी पाखरं होती आणि त्यांचा कलकलाट चालला होता.

"मायके गई हैं," मी म्हणालो.

"अच्छा, अच्छा. तो बता दीजिएगा, टिकरी आ गई है. कल ही उतरी."

मी आत गेलो आणि नेहमीच्या बाकावर बसलो. पुस्तक उघडलं नाही. मला वाटलं होतं की खोटं बोलल्याची लाज वाटेल. तसं झालं नाही. त्या तलावापुरती ती भंडाऱ्याला होती, आईच्या घरी, आणि तिला द्यायचा एक निरोप माझ्याकडे होता. घरी आल्यावर मी तिच्या जुन्या वहीत पाहिलं. टिकरी म्हणजे चांदवा. काळा, कपाळावर पांढरा टिळा. मी बाकावरून ठिपके पाहिले होते, टिळा पाहिला नव्हता. पुढच्या रविवारी तो पाहायला गेलो.

सारसांविषयी मी इथे काही लिहिणार नाही. त्या जोडीबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, आणि त्या हिवाळ्यात ते मला इतक्या जणांनी ऐकवलं की कुठे सारस दिसले तर मी रस्ता बदलायचो.

डिसेंबरात धुकं पडू लागलं. बस हळू चालायची, खिडकीतून उसाच्या रसाचा आणि पेटलेल्या चिपाडांचा वास यायचा, गुऱ्हाळं चालू असायची. मी दर रविवारी जाऊ लागलो. गेलो की निघावंसं वाटायचं, निघालो की परत फिरावंसं. एकदा तर बस वाटेतच सोडून चार किलोमीटर उलटा चालत आलो, कारण रामदुलारेने सांगितलेलं एक नाव विसरलो होतो.

महिनाभराने त्याला शंका आली.

"साहब, बुरा न मानें. बहिनजी अब तक मायके में?"

"हाँ."

"झगड़ा हुआ है?"

मी पुस्तक या हातातून त्या हातात घेतलं. त्याने त्याचा अर्थ लावला आणि त्या पुस्तकाकडे बोट केलं.

"हम तो आठ साल से देख रहे हैं. वो पूरा चक्कर मार के आती थीं, पसीना-पसीना, कि आपको बताएँ. और आप हैं कि पन्ना पलट रहे हैं. कौन औरत रुकेगी? हमारी वाली होती तो किताब झील में फेंकती, और किताब के पीछे हमको."

मग त्याने फाटकावरचा नियमांचा फलक दाखवला. आत ट्रान्झिस्टर नाही, प्लास्टिक नाही, शिकार नाही. "आज से एक और. किताब भीतर नहीं जाएगी." पुस्तक त्याने चौकीतल्या फळीवर, पाण्याच्या सुरईशेजारी ठेवलं. "चलिए. जब लेने जाइएगा तो खाली हाथ मत जाइएगा. दस चिड़िया तो पहचान के जाइए."

अशी माझी शिकवणी सुरू झाली. रुसून माहेरी गेलेल्या बायकोची समजूत काढण्यासाठी. तो पुढे, मी मागे, बांधाच्या कडेच्या उंच गवतातून. त्याची पद्धत कडक होती. रंग विचारायचा नाही, कारण धुक्यात रंग नसतोच. आधी बसण्याची ढब बघायची, मग मान, मग शेपूट.

"वो क्या है?"

"बत्तख."

"बत्तख तो सब हैं. बहिनजी पूछेंगी कौन सी, तो क्या कहिएगा, बत्तख? ऐसे मनाइएगा?"

"पूँछ लंबी है."

"तो?"

"सींखपर."

"हाँ. अब आएँगी." आणि तो मिशीत हसायचा.

सींखपर म्हणजे आपलं तलवार बदक. संध्याकाळी घरी मी गौरीला ते सांगायचो. ती तेव्हा दहावीत होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर हिंदीत द्यायची. आई गेल्यापासून आमच्या जेवणात भांड्यांचाच आवाज उरला होता. आता ती ताट घेताना विचारू लागली, "आज क्या देखा, बाबा?" मी सांगायचो. ती वही आणून पान उघडायची, आईच्या अक्षरावर बोट ठेवून ताडून पाहायची. एक दिवस म्हणाली, "मुझे भी चलना है."

"पेपर झाल्यावर," मी म्हणालो. ती आली तर रामदुलारे तिला विचारणार. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. तिचे पेपर जवळ येत होते आणि मला ते कधी संपूच नयेत असं वाटत होतं. कुठला बाप असं म्हणतो? रविवारी बसमध्ये मी मनात वाक्यं जुळवायचो. आज सांगतो. फाटक आलं की रामदुलारे समोरून सायकलवर येऊन ओरडायचा, "साहब, जल्दी! उधर देखिए, बहिनजी तीन साल से इसके लिए तरस रही थीं!" आणि सांगायचं राहून जायचं.

मार्चमध्ये पाणी रिकामं होऊ लागलं. आदल्या रविवारी जिथे चारशे पाखरं होती तिथे चाळीस. जाताना कोणी दिसत नाही. पाहायला जावं तर फक्त कमी झालेली दिसतात. विजयाने एकदा बसमध्ये मला हेच सांगितलं होतं. तेव्हा मी हं म्हटलं होतं.

एप्रिलमध्ये गौरी आली. पेपर संपले होते, सबब उरली नव्हती. रात्रभर जागून मी ठरवलं की रामदुलारेला मी काय सांगितलं आहे ते फाटकाच्या आधीच तिला सांगायचं. बसमध्ये तिच्या शेजारी बसलो तर ती खिडकीतून बाहेर बोट दाखवून एकेक नाव विचारत होती. मी नावं सांगत राहिलो. रामदुलारे दुरूनच धावत आला.

"बिटिया आई है! कितनी बड़ी हो गई. अब तुम्हीं बताओ, मम्मी को कब ला रही हो? साहब से तो होगा नहीं. तुम बुलाओगी तो मायका छोड़ के दौड़ी आएँगी."

गौरीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही, चौकीच्या फळीकडे पाहिलं. तिने ओढणी सारखी केली. मग म्हणाली,

"बारिश के बाद, चाचा."

आम्ही फेरी घातली. तिने मला काही विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून होती. उन्नावकडून येणारी झळ आत येत होती. मग म्हणाली, "भंडारा में तो अभी बहुत गर्मी होगी न, बाबा?"

"हो. खूप."

"मम्मी को गर्मी बर्दाश्त नहीं होती."

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही. पण त्या दिवसापासून माझं चित्त उडालं. मी खोटं बोललो ते माझ्यापुरतं होतं. आता माझी मुलगी त्यात येऊन राहिली होती. घरी कधी कधी तीच म्हणायची, "मम्मी को बता दीजिएगा, मेरा रिज़ल्ट आ गया." हसत म्हणायची. नंतर ते हसू कमी होत गेलं आणि वाक्य तसंच राहिलं.

मे-जूनमध्ये तलाव आटला. मधल्या खोल भागात हिरवट पाणी, भोवती भेगा पडलेला चिखल, आणि लू सुटली की बांधावरची धूळ तोंडात. पाहण्यासारखं काही नव्हतं तरी मी जात होतो. रामदुलारे सावलीत गमछा ओला करून डोक्यावर घ्यायचा आणि मला मागच्या शिकवणीची उजळणी करायला लावायचा. पाऊस आल्यावर सगळं पुन्हा भरलं. झाडांवर घोंघिलांची, म्हणजे आपल्या मुग्धबलाकांची, घरटी झाली, शेकड्यांनी, आणि विष्ठेची-माशांची इतकी घाण येऊ लागली की सहलीचे लोक नाक धरून परत जायचे. पिल्लं दिवसभर ओरडायची. मला ती घाण बरी वाटायची. काहीतरी चाललं आहे असं वाटायचं.

सप्टेंबर आला. पितृपक्ष चालू होता. त्या बुधवारी आम्ही घरी विजयाचं वर्षश्राद्ध केलं. रविवारी मी झीलवर गेलो तर रामदुलारेने चौकीत खुर्ची पुसून ठेवली होती, टेबलावर एक अंतर्देशीय पत्र आणि पेन.

"बैठिए. हम बोलेंगे, आप लिखिए. हमारी लिखावट तो अपने से भी नहीं पढ़ी जाती. आज लिख लीजिए, डालिएगा नवरात्र लगने पर. पितरपख में शुभ काम नहीं करते."

"क्या लिखूँ?"

"लिखिए, आदरणीय बहिनजी, रामदुलारे का नमस्ते. साहब सुधर गए हैं." तो थांबला. "लिखा?"

"लिखा."

"लिखिए, इकतीस चिड़िया पहचानते हैं, हमने खुद इम्तहान लिया है. किताब साल भर से बाहर रखवाई है. अब गुस्सा थूक दीजिए. टिकरी के आने से पहले आ जाइए, आप नहीं थीं तो इस बार मज़ा नहीं आया."

मी सगळं लिहिलं. माझ्याच अक्षरात. अक्षर चांगलं आलं होतं.

"अब ऊपर नाम-गाँव लिखिए."

मी पत्र उलटलं. नाव लिहिलं. त्याच्या खाली पेन टेकवलं आणि ते तिथेच राहिलं. शाईचा ठिपका वाढत गेला.

"रामदुलारे," मी म्हणालो, "वो नहीं रहीं."

त्याला कळलं नसावं. तो ठिपक्याकडे पाहत होता.

"पिछले साल. सितंबर में. मैं पहली बार अकेला आया, उससे पहले."

तो उठला नाही, ओरडला नाही. डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवत राहिला.

"तो टिकरी उतरी, तब नहीं थीं."

"नहीं."

"सींखपर के बखत भी नहीं. घोंघिल ने बच्चे दिए, तब भी नहीं." तो पेरावर पेर पुढे जात होता. मग थांबला. "बिटिया को मालूम था?"

"हाँ."

"तो हम साल भर सुना किसको रहे थे?"

 त्याने पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि सायकल घेऊन बांधावरून निघून गेला. सायकलवर बसला नाही. हाताने धरून चालत गेला. मी संध्याकाळच्या बसपर्यंत थांबलो. तो परत आला नाही.

घरी येऊन मी गौरीला सांगितलं की रामदुलारेला खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "अच्छा." कणीक मळत होती, मळत राहिली. मग हात न धुता आत गेली. वर्षभरात पहिल्यांदा मी तिचं रडणं ऐकलं. मी दाराबाहेर बसलो. पुस्तक घेतलं नाही, दिवा लावला नाही. आत जावं की न जावं ते ठरेना, म्हणून उठत होतो आणि बसत होतो. शेवटी गेलो.

पुढच्या रविवारी फाटकावर दुसराच पहारेकरी होता. रामदुलारे कुठे आहे विचारलं.

"छुट्टी पर है," तो म्हणाला. "घर में गमी हो गई है. कोई बहन थी, वो गुज़र गई."

मी तिकीट हातात धरून तिथेच उभा राहिलो. त्या दिवशी आत गेलो नाही.

रामदुलारे दोन आठवड्यांनी कामावर आला. मला रामराम केला, चांदवे यंदा लवकर आले आहेत म्हणाला. पुढे काही वर्षं, तो निवृत्त होईपर्यंत, आम्ही पुष्कळदा बरोबर फेरी घातली. त्याने मला आणखी पक्षी शिकवले. कोणाला सांगायचे ते तो कधी बोलला नाही. मी माफी मागितली होती का, ते आता आठवत नाही. मागितली असावी. त्याने काय उत्तर दिलं असतं ते मला ठाऊक आहे असं वाटतं, पण ते मी त्याच्या तोंडून ऐकलेलं नाही.

गौरी आता बंगलोरला असते. मी नोव्हेंबरात झीलवर जातो. बस तीच आहे, रस्ता रुंद झाला आहे. फाटकावर नवीन मुलं असतात, ती मला ओळखत नाहीत. एकटेच आलात का, असं कोणी विचारलं तर मी सांगतो की पत्नी वारली, आणि आत जातो.